बाबांच्या पाकिटावरचे दोन खाडे

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, मी २५ वर्षांची, पहिलीच नोकरी, १४ महिने झाले. एवढ्या दिवसात ३ रजा घेतल्या आणि तिन्ही वेळा ताप आलाय असं खोटं सांगून. १६ रजा शिल्लक आहेत, त्यातल्या बऱ्याच वर्षअखेर लॅप्स होणार. घरी रजेचा र काढला की बाबा सुरू होतात, 'मी पहिली ४ वर्षं एक रजा घेतली नव्हती.' गेल्या महिन्यात त्यांच्या जुन्या फायली लावताना त्यांच्या पहिल्या पगाराचं पाकीट सापडलं. त्यावर शाईने लिहिलंय, दिवस २६, हजर २४, खाडे २. पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कधी वाटतं जेवताना त्यांच्यासमोर ठेवावं आणि म्हणावं, हे काय मग? कधी वाटतं नको. मला ५ दिवस सुट्टी हवीये, कुठे जायचं नाहीये, नुसती हवीये. मी आळशी आहे का?"

अगं, आळशी माणूस १४ महिन्यांत ३ रजा घेत नाही, तेव्हा तो प्रश्न आधी खोडून टाक. आता पाकिटाकडे येऊ, कारण खरं सांगायचं तर तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त ते पाकीटच आवडलंय आणि तू ते शस्त्रासारखं ड्रॉवरमध्ये लपवून बसलीयस.

आधी ते नीट वाच. दिवस २६ म्हणजे आठवड्याची एक सुट्टी सोडून महिन्यातले एकूण कामाचे दिवस, म्हणजे तुझ्या बाबांना आठवड्याचे ६ दिवस काम होतं, शनिवार-रविवार जोडून सुट्टी वगैरे भानगड नाही. हजर २४. आणि खाडे २, रजा २ नाही. हा शब्द बघितलास का तू? हजेरीपटाची भाषा आहे ती. रजा म्हणजे जी तुझ्या नावावर जमा असते, तू मागतेस, कोणीतरी मंजूर करतं आणि पगार चालू राहतो. खाडा म्हणजे आला नाही, विषय संपला, त्या दिवसाचे पैसे कापा. पहिल्या महिन्यात लागलेल्या माणसाच्या नावावर रजा असणार कुठून? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३६ साली पगारी सुट्टीचा पहिला करार केला ना, त्यात सुद्धा वर्षभर सलग नोकरी झाल्यावर निदान ६ दिवस असंच होतं, म्हणजे पहिलं वर्ष कोरडंच. तर बाबा जे म्हणतात की मी रजा घेतली नाही ते शब्दाला शब्द धरलं तर खरं असू शकतं. ते खोटं बोलत नाहीयेत, फक्त दोन खाड्यांबद्दल बोलत नाहीयेत, आणि ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मला हे इतक्या ठामपणे कळतं कारण मी स्वतः २० वर्षं हेच केलंय.

माझी पहिली नोकरी छापखान्यात, प्रूफं तपासायची. १९ वर्षांची होते. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून छपाई व्हायची तेव्हाची गोष्ट, कंपोझिटर एकेक अक्षर उचलून ओळ जुळवायचा, गॅलीवर, म्हणजे जुळवलेल्या ओळींच्या तबकावर, शाईचा रूळ फिरवून एक ओला कागद माझ्या टेबलावर यायचा आणि मी लाल पेनाने त्याच्यावर खुणा करायच्या. संध्याकाळी घरी जाताना मनगटाच्या खालचा भाग कायम काळा, साबणाने जायचा नाही, मी आपली बसमध्ये हात पर्सखाली लपवून बसायचे. तिसऱ्या आठवड्यात पावतीपुस्तकांचं काम आलं. सोपं काम, चार ओळी आणि एक साल. ते साल चुकीचं जुळवलेलं होतं आणि मी ते पास केलं, सही केली खाली. सगळी पुस्तकं छापून, नंबर मारून, शिवून, बांधून झाल्यावर गिऱ्हाईकाने पहिलं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं. फोरमन मला काही बोलला नाही. नुसता माझी सही असलेला प्रूफचा कागद आणून टेबलावर ठेवला आणि गेला. (बोलला असता तर बरं झालं असतं असं आजही वाटतं.)

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला उठले, तयार झाले, पिशवी घेतली, नेहमीची बस पकडली आणि छापखान्याच्या स्टॉपवर उतरलेच नाही. तसं काही ठरवलं नव्हतं, बस थांबली, लोक उतरले, माझे पाय उठले नाहीत, बस सुटली. त्या स्टॉपच्या पुढे काय आहे मला माहीतच नव्हतं, रोज तिथेच उतरायचे ना. पुढे तीन स्टॉप होते आणि मग शेवटचा. तिथे पाण्याची टाकी, एक भिंत, आणि ड्रायव्हर बसमधून उतरून नळाखाली तोंड धुत होता. मी भिंतीपाशी बसून राहिले. त्याने दोन-तीन वेळा माझ्याकडे बघितलं, मग विचारलं, परत जायचंय का? मी म्हटलं हो. छापखान्याच्या स्टॉपवरून परत गेले, दार दिसलं, तरी उतरले नाही. असे दोन फेरे झाले आणि मग बागेत वगैरे बसून घरी जायच्या वेळेला घरी गेले. आईने विचारलं कसा गेला दिवस, मी म्हटलं, काम होतं खूप.

तिसऱ्या दिवशी गेले कामावर. फोरमनने नवीन प्रूफ समोर ठेवलं, म्हणाला, हे बघ. संपलं. पगाराच्या दिवशी पाकिटावर १ खाडा होता. पहिला पगार म्हणून मी घरी पाकिटासकट नाही दिला, पैसे काढून दिले आणि पाकीट फाडून टाकलं. कळलं का तुला? तुझ्या बाबांनी फाडलं नाही. इतकी वर्षं ठेवलंय, ते सुद्धा खाडे दिसतायत अशा अवस्थेत, ह्याचा अर्थ मी लावत बसणार नाही पण तू एकदा विचार कर.

आणि मग पुढे काय झालं, तर मला ज्युनिअर मुलं मिळाली हाताखाली, आणि मी त्यांना काय सांगायचे? आमच्या वेळी आम्ही दांडी मारायचो नाही हो. अगदी मनापासून सांगायचे! मुद्दाम थापा नव्हत्या त्या, तो दिवस आठवणीतून जवळजवळ गेलाच होता. एकदा त्या काळातला एक कंपोझिटर भेटला आणि हसत म्हणाला, अरे तू ती पावतीपुस्तकवाली, दुसऱ्या दिवशी गायब झालेली, आम्ही पैज लावली होती येतेय की नाही परत. मला कानशिलं गरम झालेली अजून आठवतंय, तेव्हा वय चाळिशीच्या पुढे होतं माझं.

आठवणींचं हे असंच असतं. मानसशास्त्रवाले सांगतात की म्हाताऱ्या माणसांना आयुष्य आठवायला सांगितलं की साधारण १० ते ३० ह्या वयातलं सगळ्यात जास्त वर येतं, पहिली नोकरी नेमकी त्यातच बसते, म्हणून घरोघरी त्या गोष्टी शंभरदा ऐकायला मिळतात. पण शंभरदा सांगितलेली गोष्ट शंभरदा घासलेली पण असते. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक बार्टलेट म्हणून होते, त्यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये लोकांना एक परक्या मुलखातली विचित्र गोष्ट वाचायला दिली आणि मग काही वेळाने, काही दिवसांनी, काहींना तर कित्येक महिन्यांनी ती आठवून लिहायला लावली. गोष्ट दरवेळी छोटी होत गेली, जे विचित्र होतं ते गळालं, जे कळत नव्हतं ते ओळखीचं झालं, त्या गोष्टीतल्या लोकांच्या लांबट होड्या होत्या त्यांच्या साध्या बोटी झाल्या, सीलच्या शिकारीला निघालेले लोक मासे पकडायला निघाले. कोणी फसवत नव्हतं. मन आपलं खडबडीत असतं ते गुळगुळीत करत जातं. खाडा तर खडबडीतच, पहिला गळणार तो.

म्हणून जेवताना पाकीट समोर आपटू नकोस, त्याने फार तर तू जिंकशील आणि बाबा ताट सोडून उठतील. जिंकून तुला मिळणार काय, तर त्या दोन दिवसांची गोष्ट कायमची बंद. तुझा रजेचा वाद चालू नसेल अशा एखाद्या दिवशी, दोघंच असताना, पाकीट त्यांच्या हातात दे आणि फक्त एवढं म्हण, "बाबा, हे सापडलं." आणि गप्प बस. गप्प बसणं सगळ्यात अवघड, मला माहितीये, पण बस. त्यांना कागद उलटापालटा करू दे, चष्मा शोधू दे.

मग विचारायचंच झालं तर छोटं विचार. हे अक्षर कोणाचं? पैसे कोण मोजून द्यायचं, रांगेत उभं राहायला लागायचं का? सही करायची की अंगठा देणारे पण होते? कामावर कसे जायचा? किती वाजता उठायचा? "तेव्हा कसं वाटायचं हो" असलं नको, त्याला उत्तर एकच येतं, "काही नाही, मजेत". माणसाला जागा, हात, आवाज विचारले की बाकीचं मागून येतं, मला ते सगळं आठवलं ते सुद्धा पाण्याच्या टाकीमुळे. खाड्यांबद्दल तू विचारूच नकोस असं माझं मत आहे. आकडा त्यांच्या डोळ्यासमोर आहे, सांगायचं असेल तर सांगतील. आजारी असतील, घाबरले असतील, कोणाशी वाजलं असेल, दुसरीकडे इंटरव्ह्यूला गेले असतील, किंवा खरंच आठवत नसेल. "आठवत नाही" म्हणाले तर ते खोटं समजू नकोस, वर बार्टलेटचं सांगितलंच.

एक मात्र आहे. हे सगळं करून बाबा म्हणतील की जा बेटा घे तू रजा, असं काही मनात धरलं असशील तर काढून टाक. कदाचित म्हणतील, कदाचित पुढच्या वेळी पुन्हा ४ वर्षांची टेप लावतील. दोन्ही ठीक. तुझी रजा बाबांच्या खाड्यांवर अवलंबून नाहीये गं. पत्रभर तू ह्या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्यायस, जणू बाबा चुकीचे ठरले की मग तुला सुट्टीचा हक्क मिळेल. तो आधीच आहे, आणि तो कोणी लाडाने दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्याबरोबरचे कामगार वर्षानुवर्षं मागणी करत राहिले तेव्हा कुठे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळाली, त्याआधी त्यांना ठरलेली साप्ताहिक सुट्टीच नव्हती. फ्रान्समध्ये १९३६ च्या उन्हाळ्यात मोठे संप झाले, त्यानंतर दोन आठवड्यांची पगारी सुट्टी कायद्यात आली आणि कित्येक कामगारांनी समुद्र पहिल्यांदा बघितला. आणि तो १९३६ चा करार मी वर म्हटला तो १९७० मध्ये सुधारला तेव्हा ६ दिवसांचे ३ आठवडे झाले, वर असंही घातलं की ही किमान सुट्टी कामगाराने सोडून दिली किंवा पैशांवर विकली तरी तो सौदा मान्य नाही. सगळ्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही, तुझ्याकडचा नियम तुझा तू बघ, पण विचार कसा केलाय बघ ना, माणूस स्वतःहून सोडायला तयार होईल हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. तू आणि तुझे १६ दिवस डोळ्यासमोर ठेवूनच लिहिल्यासारखं आहे.

आता कामाचं. अपॉइंटमेंट लेटर आणि रजेची पॉलिसी काढून बस, अर्धा तास लागेल. किती रजा पुढच्या वर्षी जातात, किती लॅप्स, किती एनकॅश होतात, किती दिवस आधी सांगायला लागतं, आणि मधे साप्ताहिक सुट्टी आली तर ती पण रजेत धरतात का ते खास बघ, ५ मागशील आणि खात्यातून ७ जातील, मग माझ्या नावाने बोंब मारशील. बहुतेक जण हे वाचतच नाहीत, एचआरला विचारायला लाजतात आणि डिसेंबरमध्ये सगळे एकदम जागे होतात, तेव्हा मंजूर कोणाची होणार?

तापाचं नाटक बंद कर. पाप वगैरे म्हणत नाहीये मी, पण तो फार महागाचा सौदा आहे, एक तर आजारपणाच्या रजा उगाच संपतात आणि खरंच पडलीस तर हातात काही नाही, दुसरं म्हणजे सुट्टीच्या दिवशी पण फोन घेताना आवाज बारीक काढायचा, स्टेटस टाकायचं नाही, बाहेर कोणी दिसलं की लपायचं, ही कसली सुट्टी. आणि तिसऱ्या तापाला तुझ्या टीम लीडला कळलेलं असतं, तो काही बोलत नाही एवढंच.

मेल दोन ओळींचा लिही. "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ५ दिवस रजा हवी आहे. माझ्याकडची कामं कोणाकडे आणि कुठपर्यंत आली आहेत ते खाली दिलं आहे." कारण विचारलं तर वैयक्तिक. तिथेच थांब. आपण घाबरून पुढे लिहितो ना, की म्हणजे घरी थोडं काम आहे आणि तसं फार अर्जंट नाहीये पण जमलं तर, नसेल तर राहू दे, आणि मग समोरचा म्हणतो, बरं मग राहू दे. लांब कारण दिलं की त्याच्यावर चर्चा सुरू होते. "कृपया" एकदा पुरे, तीनदा नको. कामांचा कागद मात्र नीट कर, एक पानच, पण असा की तुला फोन करायची वेळ येऊ नये. आणि तरी अडलंच तर फोन कधी उचलशील ती एक वेळ सांगून ठेव, दिवसभर हातात धरून बसू नकोस.

नकार आला तर? येऊ शकतो, काम असतं, दुसऱ्या कोणी आधी मागितलेली असते. मग तिथल्या तिथे दुसरी तारीख माग, लेखी. "बघू नंतर" ह्या उत्तरावर टेबलापासून हलू नकोस.

राहिली गोष्ट कुठेच जायचं नाहीये ह्याची. नको जाऊस. तुला त्याची लाज का वाटतेय मला कळलं नाही, सुट्टी म्हणजे फोटो काढायचं कंत्राट आहे का. फक्त एक सांगते, पहिल्या दिवशी तू कामाच्या वेळेलाच उठशील आणि अकराच्या सुमाराला खूप अस्वस्थ होशील, काहीतरी राहिलंय असं वाटेल, मेल उघडावासा वाटेल. ते तसं होतंच, दुसऱ्या दिवशी कमी होतं. म्हणून तर ५ सलग घे म्हणतेय, एकेक सुटी घेतलीस तर रोज पहिलाच दिवस. मात्र सगळ्या १६ एकाच वेळी उधळू नकोस, सुट्टीहून आल्यावरचा तजेला काही आठवड्यांत उतरतो असं ह्याचा अभ्यास करणारे सांगतात आणि माझाही अनुभव तोच आहे, तेव्हा वर्षातून दोन-तीनदा घेतलेली बरी.

आणि हो, ते पाकीट ड्रॉवरमध्ये असंच दाबून ठेवू नकोस, बाबांना द्यायच्या आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढ, उजेडात, फ्लॅश न मारता. नंतर साध्या कागदी फोल्डरमध्ये, उन्हापासून लांब, जुनी शाई उन्हाने उडते. हौसेने लॅमिनेट तर अजिबात करू नकोस, एकदा केलं की परत काढता येत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो.

दोन्ही बाजू म्हटलं कारण तू पत्रात फक्त पुढच्या बाजूचं लिहिलंयस. मागे काय आहे बघितलंस का? तेव्हा लोक पगाराच्या पाकिटाच्या मागेच हिशोब मांडायचे, कोणाचं किती द्यायचं, उचल किती फेडायची, उरलं किती. बघ आणि मला कळव.